शिवाजी पेठेतल्या एका घराची फुटबॉलची जोडणी: केबल, डिश की ॲप?

कोल्हापुरातल्या घरात फुटबॉलसाठी टीव्हीची जोडणी करायची म्हटलं की आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथल्या लोकांना दोन फुटबॉल बघायचे असतात. एक युरोपातला, रात्री उशिराचा. दुसरा शाहू स्टेडियमवरचा, तालमींचा, म्हणजे पेठांतल्या जुन्या मंडळांच्या संघांचा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा ही नावं ज्या घरात जेवताना निघतात, तिथं इंग्लंडची प्रीमियर लीग झकास दिसते पण तालमीचा सामना दिसत नाही, असली जोडणी कुणी चालवून घेत नाही. कंपन्यांच्या जाहिरातींत हा दुसरा फुटबॉल नसतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

घर माझ्या मामांचं, शिवाजी पेठेतलं. जुलै 2025 मध्ये त्यांचा जुना 32 इंची टीव्ही आडव्या रेघा दाखवायला लागला आणि नवा घ्यायचं ठरलं. त्याबरोबरच केबल ठेवायची, डिश बसवायची की सगळं इंटरनेटवर न्यायचं, हा वाद घरात सुरू झाला. मामांनी मला बोलावलं आणि एका वाक्यात काम सांगितलं: "मॅच चुकली न्हाई पायजे आणि महिन्याचा खर्च हजाराच्या वर जायला नको. बाकी तू बघ."

घरातल्या प्रत्येकाची गरज वेगळी होती, आणि निर्णयाचं मूळ तिथंच आहे. आजोबांनी तरुणपणी तालमीकडून फुटबॉल खेळलाय. स्टेडियमच्या पायऱ्या आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, त्यामुळे तालमींच्या केएसए लीगचे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) सामने त्यांना घरीच हवेत. मामा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, बहुतेक वेळा पहिल्या पाळीला. त्यांचा जीव प्रीमियर लीगमध्ये आणि युरोपभरच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये. मामेभाऊ कॉलेजात आहे, बार्सिलोनाचा चाहता, म्हणजे त्याला स्पेनची ला लिगा पाहिजे. मामींना संध्याकाळच्या मालिका. शिवाय मोठा सामना असला की शेजारपाजारची डझनभर माणसं सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, येऊन बसतात, हेही धरायला हवं होतं.

सामना कुणाकडं आहे?

वाद "कुठली डिश चांगली" इथून सुरू झाला होता. मी तो बाजूला ठेवायला सांगितला, कारण सामन्याचे हक्क डिशवाल्याकडं किंवा केबलवाल्याकडं नसतात. ते वाहिनीवाल्यांकडं असतात आणि ठरावीक वर्षांनी हलतात. त्या हंगामाचं चित्र असं होतं: प्रीमियर लीग जिओस्टारकडं, म्हणजे टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स सिलेक्टच्या वाहिन्या आणि ॲपवर जिओहॉटस्टार, हा करार 2025 ते 2028 चा आहे. चॅम्पियन्स लीग सोनीकडं, टीव्हीवर सोनी स्पोर्ट्स आणि ॲपवर सोनी लिव्ह. ला लिगा फॅनकोडवर, म्हणजे ॲपवर.

ला लिगाची कहाणी मामेभावाला मुद्दाम सांगितली. 2018 ते 2021 ती भारतात फेसबुकवर होती. मग वायकॉम 18 कडं गेली, 2024 मध्ये जीएक्सआर वर्ल्डकडं आणि 2025 मध्ये फॅनकोडकडं. इतक्या थोड्या वर्षांत चार घरं बदललेल्या लीगसाठी कुठलंही दोन-तीन वर्षांचं पॅकेज घेणं मला पटत नाही. ज्या गोष्टी टिकणार आहेत, म्हणजे टीव्ही, वायरी, इन्व्हर्टर, त्यांवर एकदाच नीट खर्च करावा. वर्गणी मात्र शक्य तितकी थोड्या मुदतीची घ्यावी.

रिचार्जबरोबर फुकट मिळालेल्या वर्गणीचाही इथंच खुलासा झाला. मामेभावाच्या फोनवर जिओहॉटस्टार चालू होतं, त्यामुळे "आपल्याकडं आहे की" असं घरात सगळे धरून चालले होते. पण ती मोबाइलपुरती वर्गणी होती, टीव्हीवर चालणारी नव्हती. असलं काही आधीच घरात असेल तर टीव्हीच्या ॲपवर लॉगिन करून बघावं, तोवर ते हिशोबात धरू नये.

सामन्याची वेळ

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट घड्याळाची आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी 3 चा सामना आपल्याकडं हिवाळ्यात रात्री 8:30 ला आणि तिथलं घड्याळ तासभर पुढं असतं त्या उन्हाळी वेळेत 7:30 ला सुरू होतो. दुपारी 12:30 चा आपल्या संध्याकाळी 6 ला किंवा 5 ला, आणि संध्याकाळी 5:30 चा रात्री 11 ला किंवा 10 ला. म्हणजे प्रीमियर लीगचा शनिवार-रविवार कोल्हापुरातल्या नोकरदार माणसाला जागेपणी बघता येतो. (शनिवारी दुपारी 3 चे सामने खुद्द ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. तिथल्या मैदानांवरची गर्दी टिकावी म्हणून तशी जुनी बंदी आहे. आपल्याला ते दिसतात.)

चॅम्पियन्स लीगचं गणित उलटं. मुख्य सामने युरोपात रात्री 9 ला, म्हणजे आपल्याकडं ऑक्टोबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत रात्री 1:30 ला आणि एरवी 12:30 ला. सामना संपेपर्यंत साडेतीन वाजतात. पहाटे उठून पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसानं मंगळवारी-बुधवारी हे करायचं म्हणजे भट्टीजवळ झोपेत उभं राहायचं. ते मी मामांना करू देणार नव्हतो, आणि मामींनीही ठाम नकार दिला होता. त्यांना सामना बघायचाच आहे, पण संध्याकाळी कामावरून आल्यावर, निकाल न कळता.

इथं निर्णय बराचसा सुटला. जो सामना थेट बघायचा त्याला केबल किंवा डिश हवी. जो नंतर बघायचा त्याला ॲप हवं, कारण तिथं पूर्ण सामना पुन्हा लावता येतो.

ॲपची बाजू आणखी एका कारणानं भक्कम होते. 2024-25 पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात 36 संघ असतात आणि त्या टप्प्याची शेवटची फेरी एकाच वेळी खेळली जाते. 29 जानेवारी 2025 च्या रात्री 18 सामने एकदम सुरू झाले होते. टीव्हीच्या तीन-चार वाहिन्यांवर त्यातले किती मावणार? आपला संघ त्या तीन-चारांत नसेल तर ॲपशिवाय इलाज नाही.

मग थेट सामनाही ॲपवरच का नको? त्याचं उत्तर पेठेतल्या गल्लीत आहे. ॲपवरचं चित्र केबलच्या मागे असतं, सहसा वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार होतो, सर्व्हरवरून घरापर्यंत येतो आणि चित्र अडकू नये म्हणून टीव्ही थोडे तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. एकट्या बंगल्यात हे कळणारही नाही. शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. तुमच्या टीव्हीवर अजून कॉर्नरची तयारी चाललेली असते आणि शेजारच्या घरातून "गोऽऽल!" ऐकू येतो. तालमीच्या सामन्यात तर फटाकेच वाजतात. त्या ओरड्यानंतर बघितलेला गोल हा निकाल माहीत असलेला गोल असतो, आणि आजोबांसारख्या माणसाला तो नको असतो. स्थानिक सामने यूट्यूबवरही थेट दिसतात, पण याच कारणासाठी आजोबांना ते स्थानिक केबल वाहिनीवरच हवेत. हा त्यांचा हट्ट मला पूर्ण रास्त वाटला.

केबल की डिश

डिशच्या बाजूनं बोलणारे मामेभावाचे मित्र होते. चित्र स्वच्छ, केबलवाल्याच्या मागं लागायला नको, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण या घरासाठी तीन गोष्टी आड आल्या.

पहिली म्हणजे तालमीचे सामने दाखवणारी स्थानिक वाहिनी डिशवर नाही. खरं तर इथंच विषय संपायला हरकत नव्हती. दुसरी गोष्ट पाऊस. आपल्याकडच्या डिशसेवा केयू बँड नावाच्या लहरींवर चालतात आणि दाट पावसात या लहरी क्षीण होतात. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि प्रीमियर लीग ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते. तिसरी गोष्ट घराची. डिशला आपल्या भागातून दक्षिण-आग्नेयेचं मोकळं आकाश लागतं, आणि मामांच्या घराच्या त्याच अंगाला नवी तीन मजली इमारत उभी राहिली आहे. छतावर उंच खांब रोवून डिश बसली असती, पण वाऱ्यात ती हलणार आणि पावसाळ्यात कुणीतरी वर चढणार.

केबल ठेवायचं ठरलं, पण आहे तशी नव्हे. केबलवाल्याकडं एचडी बॉक्स मागितला. वाहिन्या बघून तोच म्हणाला, "काका, स्पोर्ट्स पॅक लावतो, सगळं येतंय त्यात." त्या पॅकमध्ये काय आहे ते आम्ही यादी घेऊन तपासलं. खेळाच्या बऱ्याच वाहिन्या होत्या, पण बहुतेक साध्या एसडी, आणि प्रीमियर लीगची वाहिनी त्यांत नव्हतीच. फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या सरकारी नियामकाच्या नियमानुसार ग्राहकाला एकेक वाहिनी सुटी निवडता येते, हे फार लोक वापरत नाहीत. आम्ही मामींच्या मालिकांच्या वाहिन्या, स्थानिक वाहिनी आणि स्टार स्पोर्ट्स सिलेक्टची एचडी वाहिनी सुटी निवडली. सोनीची वाहिनी घेतली नाही, कारण चॅम्पियन्स लीग ॲपवरच बघायची होती. एकाच स्पर्धेसाठी गरज नसताना टीव्हीला आणि ॲपला दोन्हीकडं पैसे मोजणं, ही मी बघितलेल्या घरांत सर्रास होणारी उधळण आहे.

एचडीचा आग्रह फुटबॉलसाठी खास धरावा. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूच्या जवळ जातो. फुटबॉलमध्ये बहुतेक वेळ अर्धं मैदान पडद्यावर असतं आणि चेंडू म्हणजे एक ठिपका. एसडीत तो ठिपका गवतात विरघळतो आणि पाठीवरचे नंबर वाचता येत नाहीत.

टीव्ही

सोपा लांबट आहे. टीव्हीची भिंत आणि समोरची बाकडी यांत जेमतेम आठ फूट, पण माणसं दोन्ही अंगांना पार कोपऱ्यांपर्यंत बसतात. मामेभावाला 65 इंच पाहिजे होता. आठ फुटांवर 55 इंच भरपूर होतो; त्याहून मोठ्या पडद्यावर केबलच्या चित्रातले दोषही मोठे दिसतात. वाचलेले पैसे चांगल्या पॅनेलवर घालावेत, हे मामांना पटलं.

पॅनेल बघताना आम्ही बाजूनं कसं दिसतं ते आधी पाहिलं. काही पॅनेल समोरून गडद आणि सुंदर दिसतात, पण बाजूला सरकलं की हिरवा रंग फिकट पडतो. आयपीएस जातीचं पॅनेल अंधारात तितकं काळंभोर नसतं, मात्र कोपऱ्यातल्या माणसालाही तेच चित्र देतं. डझनभर माणसं बसणाऱ्या सोप्याला तेच योग्य. ओएलईडी जातीचं पॅनेल दोन्ही बाबतींत सरस, पण किंमत आवाक्याबाहेर. शिवाय स्कोअरची पट्टी आणि वाहिनीचं चिन्ह तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या घरात पडद्यावर कायमचे डाग राहण्याचा धोका असतो.

दुकानात सगळ्या टीव्हींवर कंपनीची झगमगीत फित चालू होती. तिच्यावरून काही कळत नाही. आम्ही विनंती करून सेट-टॉप बॉक्सवरची खेळाची वाहिनी लावायला लावली आणि मैदानाकडेच्या जाहिरातफलकांवर नजर ठेवली. कॅमेरा चेंडूमागं फिरतो तेव्हा फलकावरची अक्षरं नीट सरकतात की टप्प्याटप्प्यानं उड्या मारतात, हे बघायचं. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला 50 च्या लयीत येतं. काही स्वस्त टीव्ही ते 60 च्या लयीत बसवायला जातात आणि चित्र अडखळतं. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन संचांत हा फरक मामांनी स्वतः ओळखला आणि महागातला बाजूला सारला. घेतला त्याची किंमत कमी होती.

घरी आल्यावर तीन बारीक कामं केली. त्यांना पैसे पडत नाहीत, फरक मोठा पडतो. केबलवाल्याच्या माणसानं एचडी बॉक्स जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीनं जोडला होता. त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. एचडीएमआय लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये 1080 निवडलं. मग टीव्हीचं चित्र कडेनं कापलं जात होतं, स्कोअरचा कोपरा अर्धा गायब. ते पूर्ण चौकटीत आणलं. शेवटी चित्र कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय बंद केली, कारण तिच्यामुळे वेगात जाणाऱ्या चेंडूभोवती धुरकट शेपूट उमटत होतं.

वायर आणि वीज

फायबर इंटरनेट घरात होतंच. राउटर माडीवर, टीव्ही खाली, मध्ये जुन्या दगडी भिंती. वायफायची रेघ पूर्ण दिसायची, तरी चित्र मध्येच थांबायचं. महागडा राउटर घेण्याऐवजी माडीवरून सोप्यापर्यंत लॅनची वायर ओढली. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचंच असतं आणि वेग मोजणारे त्याला नावं ठेवतात. एचडी सामन्याला दहाच्या आतले एमबीपीएस पुरतात. ते अखंड मिळाले पाहिजेत, आणि ते काम वायर करते.

वीज जाते तेव्हाचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. इन्व्हर्टरवर टीव्ही, बॉक्स आणि राउटर घेतले, तरी केबल चालेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या केबलला गल्लीत खांबावर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज लागते. गल्लीची वीज गेली की तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. केबलवाल्याला विचारलं, तर त्याच्या बॅटरीवर थोडाच वेळ निघतो म्हणाला. फायबरच्या लाइनला गल्लीत कुठं वीज लागत नाही. दोन टोकांना असली की पुरे. म्हणून थेट सामन्यात वीज गेलीच तर ॲपवर जायचं असं ठरलं, आणि त्यासाठी जिओहॉटस्टारची टीव्हीवर चालणारी वर्गणी घेऊन ठेवली. तेवढ्यापुरते तीस सेकंद मागे राहायला मामा तयार आहेत.

हंगामात काय झालं

महिन्याचा खर्च हजाराच्या आत बसला, थोडा घासून. सोनी लिव्ह सप्टेंबरपासून सुरू केलं, कारण चॅम्पियन्स लीग तेव्हा सुरू होते. फॅनकोडचा पास मामेभावानं स्वतःच्या खर्चानं घेतला आणि जुन्या टीव्हीच्या दुरुस्तीचे पैसेही त्यानंच भरले. तो टीव्ही आता ॲप चालवणारी एक स्टिक लावून माडीवर त्याच्याकडं आहे. त्यामुळे हिवाळ्यात रात्री साडेआठची टक्करही सुटली. त्याच वेळेला मामींची मालिका असते. ज्या शनिवारी सोप्यात मालिका चालते, त्या शनिवारी मामा माडीवर जाऊन ॲपवर सामना बघतात.

संध्याकाळी चॅम्पियन्स लीग बघायची सोय नीट बसायला मात्र वेळ गेला. ॲप उघडल्या उघडल्या पहिल्याच चौकटीत गोलांची क्षणचित्रं आणि निकाल समोर येतो. त्यावर उपाय म्हणून मामेभाऊ आधी ॲप उघडून पूर्ण सामना लावतो, थांबवतो आणि मग मामांना हाक मारतो. फाउंड्रीतल्या सहकाऱ्यांनाही मामांनी ताकीद दिली आहे. ती पाळली जाते, कारण त्यांच्यातही चार जण असेच संध्याकाळी बघणारे निघाले.

आजोबांचं समाधान झालं का, हे मी सर्वांत आधी विचारलं. स्थानिक वाहिनीचं चित्र एचडी नाही, एखाददुसऱ्या कॅमेऱ्याचं असतं, आणि नव्या मोठ्या पडद्यावर ते जुन्या टीव्हीपेक्षा ढोबळच दिसतं. बाकडी दोन फूट मागं सरकवली तेव्हा बरं वाटलं. ते म्हणाले, "चित्राचं ऱ्हाऊ दे. पोरगं कुठल्या पायानं मारतंय ते दिसतंय, तेवढं बास."

पुढचा निर्णय आता मेमधला आहे. 2026 ची चॅम्पियन्स लीग फायनल 30 मेला बुडापेस्टला आहे आणि ती नेहमीपेक्षा लवकर, तिथल्या संध्याकाळी 6 ला सुरू होते, म्हणजे आपल्याकडं रात्री 9:30 ला. शनिवार आहे, घर भरणार, आणि हा सामना सगळे थेटच बघणार. तेव्हा त्या एका महिन्यापुरती सोनीची एचडी वाहिनी केबलवर सुटी घ्यायची, असं मामांनी केबलवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.